परळला जाताना आणि परळहून येताना: कॅन्सरच्या उपचारासाठी जिल्हा-राज्य ओलांडणाऱ्या कुटुंबांसाठी

कॅन्सरचं निदान झालं की घरात पहिला प्रश्न निघतो, "टाटाला न्यायचं ना?" परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून चालू आहे. देशाच्या सगळ्या टोकांहून माणसं तिथे येतात, त्यामुळे हा प्रश्न साहजिक आहे. पण पिशवी भरण्याआधी आणखी एक प्रश्न विचारावा. नेमकं कोणत्या कामासाठी न्यायचं?

कॅन्सरच्या उपचारात तीन वेगवेगळी कामं असतात. पहिलं म्हणजे आजार कोणता, किती पसरलेला आणि उपचारांचा क्रम काय, हे ठरवणं. दुसरं म्हणजे एकदाच होणारं अवघड काम, उदाहरणार्थ मोठी शस्त्रक्रिया किंवा बोनमॅरो प्रत्यारोपण. तिसरं म्हणजे पुन्हा पुन्हा करायचं काम: दर तीन आठवड्यांनी केमो, रोजचं रेडिएशन, रक्ततपासण्या, तपासणीच्या फेऱ्या. पहिल्या दोन कामांसाठी लांब जाणं बहुतेक वेळा सार्थकी लागतं. तिसऱ्यासाठी महिनोन्‌महिने परक्या शहरात राहिलं तर कुटुंबाची कंबर मोडते, आणि उपचार अर्धवट सुटण्याचं ते एक मोठं कारण असतं. म्हणून सूत्र असं ठेवा: निर्णय जाणत्या केंद्रात, वारंवार करायचं काम शक्य तितकं घराजवळ, आणि या दोन जागांमधला कागदांचा दुवा पक्का. बहुतेक गडबड या दुव्यातच होते, म्हणून पुढची बरीचशी माहिती त्याबद्दल आहे.

घराजवळ म्हणजे कमी दर्जाचं, हा समज सोडा. २०१२ साली नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू झालं. देशातली सरकारी, धर्मादाय आणि खासगी कॅन्सर केंद्रं त्यात एकत्र आली आणि त्यांनी उपचारांची समान मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. महाराष्ट्रात बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आणि मिरजेचं सिद्धिविनायक गणपती रुग्णालय ही जुनी, अनुभवी ठिकाणं आहेत. नांदेडच्या माणसाला हैदराबादचं एमएनजे जवळ पडतं, सीमाभागातल्या काहींना बंगळुरूचं किदवई सोयीचं वाटतं. स्तनाच्या कॅन्सरची नेहमीची केमो बार्शीत दिली काय आणि परळला दिली काय, औषध तेच, डोस तोच.

उलट काही आजारांत पहिल्याच दिवसापासून मोठं केंद्र गाठावं. लहान मुलांचे कॅन्सर, डोळ्यातला रेटिनोब्लास्टोमा, हाडांचा आणि मऊ ऊतींचा सार्कोमा, मेंदूच्या गाठी, तीव्र ल्युकेमिया, आणि एकदा बरा होऊन उलटलेला कुठलाही कॅन्सर हे त्यातले. इथे पहिला घाव चुकला तर पुढे दुरुस्ती अवघड होते.

जाण्याआधी गावात काय करू नये

"गाठ काढून टाकू, मग रिपोर्ट बघू." हे वाक्य ऐकलं की थांबा. गाठीची आधी सुईची बायोप्सी हवी, म्हणजे सुईने छोटा तुकडा काढून तपासणी. मांडीतला सार्कोमा साधी चरबीची गाठ समजून अर्धवट काढला, तर आजाराच्या पेशी आजूबाजूच्या ऊतीत पसरतात. मग दुसरी शस्त्रक्रिया कितीतरी मोठी होते आणि कधी पाय वाचवण्याची संधीही जाते. सार्कोमात सुई कुठून घालायची हेसुद्धा पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननेच ठरवावं, कारण सुईचा मार्गही नंतर कापून काढावा लागतो.

मानेत किंवा काखेत गाठी असतील आणि लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरची शंका असेल, तर सुईने काढलेल्या पाण्यावर, म्हणजे एफएनएसीवर भागत नाही. अख्खी गाठ काढून तपासावी लागते. बायोप्सीआधी स्टेरॉइड सुरू करू नये. त्याने गाठी तात्पुरत्या विरघळतात आणि नंतर सूक्ष्मदर्शकाखाली आजार ओळखूच येत नाही. खात्री न करता "टीबी असेल" म्हणून महिनोन्‌महिने गोळ्या देणं हा असाच वेळखाऊ मार्ग. गोळ्यांनी गाठी कमी होत नसतील तर बायोप्सी मागा.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये जखमेजवळचा हलणारा दात गावात उपटू नका. बाकीच्या दातांची तपासणी मात्र लवकर करून घ्या. डोके-मानेला रेडिएशन द्यायचं असेल तर किडके दात आधी काढावे लागतात आणि ती जागा भरायला दहा ते चौदा दिवस जातात. रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड सडण्याचा धोका असतो. कोणता दात काढायचा हे मात्र कॅन्सरच्या डॉक्टरने आणि दंतवैद्याने मिळून ठरवावं.

पेशंटच्या आधी कागद पाठवा

नॅशनल कॅन्सर ग्रिड आणि टाटा मेमोरियलच्या तज्ज्ञांचं मत "नव्या" या ऑनलाइन सेवेतून घरबसल्या मागवता येतं. तुम्ही रिपोर्ट अपलोड करता आणि तज्ज्ञांचं लेखी मत येतं. त्या मतावर तुमचा गावातला डॉक्टर उपचार सुरू करू शकतो. कधी उत्तर येतं, "तुमच्या डॉक्टरांनी सुचवलंय तेच बरोबर आहे." अशा वेळी परळची फेरी, तिकिटं, रजा, सगळं वाचतं.

मत मागताना प्रश्न नेमका लिहा. "काय करावं?" असा प्रश्न विचारला तर उत्तरही तसंच मोघम येतं. "वय ५२, डाव्या स्तनात चार सेंटिमीटरची गाठ, काखेत गाठ आहे, ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हरटू पॉझिटिव्ह, पोटाचा आणि छातीचा स्कॅन स्वच्छ. आधी केमो की आधी ऑपरेशन? केमो कोल्हापुरात घेता येईल का?" असं विचारलं तर उत्तरावर पाऊल उचलता येतं. (ईआर, पीआर आणि हरटू या बायोप्सीच्या तुकड्यावरच्या तपासण्या, कोणतं औषध लागू पडेल ते त्यांवरून ठरतं.) मधुमेह, हृदयविकार, किडनीचा त्रास आणि चालू गोळ्या त्यात लिहिल्याच पाहिजेत. पेशंट दिवसभरात किती हिंडतो-फिरतो, स्वतःची कामं स्वतः करतो का, हेही लिहा. केमो झेपेल का, हे डॉक्टर त्यावरून ठरवतात.

ब्लॉक, स्लाइड आणि सीडी

लांबून येणाऱ्या माणसाचे सर्वांत जास्त दिवस इथे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

बायोप्सीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणात बसवतात. तो चौकोनी मेणाचा ठोकळा म्हणजे ब्लॉक. त्याचे तीन-चार मायक्रॉनचे पातळ काप काचेवर घेऊन रंगवतात, त्या स्लाइड. मोठी केंद्रं बाहेरचा रिपोर्ट जसाच्या तसा मानत नाहीत, स्वतः पुन्हा तपासतात, आणि तेच योग्य आहे, कारण निदान बदललं की उपचार बदलतो. स्लाइडवरून आजार दिसतो. पण ईआर, पीआर, हरटूसारख्या तपासण्या किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरमधली ईजीएफआर, एएलके ही जनुकांची तपासणी करायची तर नवे काप लागतात, आणि ते ब्लॉकमधूनच मिळतात. फक्त कागदी रिपोर्ट घेऊन गेलात तर ब्लॉकसाठी कुणालातरी परत गावी धाडावं लागतं, नाहीतर बायोप्सी पुन्हा करावी लागते.

लॅबकडून ब्लॉक घेताना अर्ज लेखी करा. त्यात पेशंटचं नाव, वय, बायोप्सीची तारीख आणि रिपोर्टवरचा नमुना क्रमांक लिहा. लॅब सही घेऊन ब्लॉक देते. देताना ब्लॉकवरचा कोरलेला किंवा लिहिलेला क्रमांक रिपोर्टशी जुळतो का, हे तिथेच उभं राहून बघा. मोठ्या ऑपरेशनचे पंधरा-वीस ब्लॉक असू शकतात. त्यातला कुठला गाठीचा, कुठला कडेचा आणि कुठला काखेतल्या गाठींचा, याची यादी लॅबकडून मागून घ्या. सगळे देता येत नसतील तर गाठ सर्वांत जास्त असलेला ब्लॉक द्यायला सांगा. जनुकांच्या तपासणीचं आधीच ठरलं असेल तर दहा ते पंधरा न रंगवलेल्या स्लाइडही मागता येतात.

ब्लॉक प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत ठेवा. मेणाला कापूस किंवा चिकटपट्टी लावू नका. मेण साधारण ६० अंशांजवळ वितळतं आणि त्याआधीच मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या काचेखाली ठेवलेला ब्लॉक खराब होऊ शकतो. डबी अंगावरच्या पिशवीत असू द्या, डिक्कीत नको. स्लाइड काचेच्या असतात, त्यांना खाचा असलेली प्लॅस्टिकची पेटी लागते. कागदात गुंडाळून नेल्या की निम्म्या फुटतात.

ऑपरेशननंतर नातेवाइकांच्या हातात डबी देऊन "लॅबला पोचवा" असं सांगितलं गेलं, तर डबीत फॉर्मॅलिन आहे ना, हे आधी विचारा. सलाइन नको, स्पिरिटही नको. फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहापट हवं, झाकण घट्ट हवं, आणि डबी त्याच दिवशी लॅबला पोचायला हवी. स्तनाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये किमान सहा तास आणि जास्तीत जास्त ७२ तास असावा असा नियम आहे. त्याहून कमी किंवा जास्त झालं तर ईआर आणि हरटूचे निकाल फसवे येतात. एवढ्या एका कारणाने बाईला पाच वर्षांची हार्मोनची गोळी मिळायची की नाही, हे चुकीचं ठरू शकतं.

आता स्कॅन. सीटी, एमआरआय किंवा पेट स्कॅनची फिल्म डॉक्टरला पुरत नाही, मोबाइलवर काढलेला तिचा फोटो तर अजिबात नाही. डायकॉम, म्हणजे स्कॅनच्या मूळ संगणकीय स्वरूपातली सीडी किंवा पेनड्राइव्ह मागा, आणि निघण्याआधी कुठल्याही संगणकावर उघडून बघा. शेकडो चित्रं दिसली पाहिजेत. दोन-चारच चित्रं दिसत असतील तर सेंटरने फक्त निवडक फोटो भरून दिलेत, परत जाऊन पूर्ण मागा. केमो सुरू होण्याआधीचा स्कॅन सोन्यासारखा जपा. औषधाने गाठ किती लहान झाली हे त्याच्याशीच तुलना करून कळतं, आणि तो काळ निघून गेल्यावर तसा स्कॅन पुन्हा काढता येत नाही.

पेट स्कॅन करायचा असेल तर आधी सहा तास उपाशी राहावं लागतं आणि साखर साधारण २०० च्या आत असावी लागते. मधुमेह्याची साखर तीनशे असताना लांबचा प्रवास करून अपॉइंटमेंटला पोचलं तर परत पाठवतात. साखर घरीच आटोक्यात आणून मग निघा.

योजना कोणती, कुठे चालते

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्राची आणि आयुष्मान भारत केंद्राची. २०२० पासून राज्यात दोन्ही एकत्र राबवल्या जातात. आता दोन्हींत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. फरक सीमेवर कळतो. आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातल्या संलग्न रुग्णालयातही चालतं. फुले योजनेचा लाभ मात्र राज्याच्या यादीतल्या रुग्णालयांतच मिळतो. म्हणून किनवटहून हैदराबादला किंवा गडहिंग्लजहून बंगळुरूला जायचं असेल, तर हातात आयुष्मान कार्ड आहे का, हे आधी बघा. सत्तरीच्या पुढच्या माणसाला उत्पन्न कितीही असलं तरी २०२४ पासून आयुष्मानचं वेगळं कार्ड काढता येतं. घरातल्या आजी-आजोबांचं ते आजारपणाची वाट न पाहता काढून ठेवा.

सीमाभागातल्या मराठी माणसांचा प्रश्न थोडा वेगळा. कर्नाटकातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांना फुले योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०२३ साली घेतला. त्यासाठी रहिवासाचा कोणता दाखला लागतो आणि तो कुणाच्या सहीचा, हे रुग्णालयात पोचायच्या आधी १५५३८८ या योजनेच्या क्रमांकावर विचारून घ्या. गोव्याच्या रहिवाशांना दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात न होणाऱ्या उपचारासाठी राज्याबाहेर जायचं तर सरकारची वेगळी मेडिक्लेम योजना आहे, पण त्याची मंजुरी आधी घ्यावी लागते. सिंधुदुर्गातून बांबोळीला जाणाऱ्यांनी आपलं कार्ड तिथे चालेल का, हे दाखल होण्याआधीच खात्री करून घ्यावं.

योजनेत पैसे फसतात ते बहुधा तीन कारणांनी.

एक, "आत्ता रोख भरा, मग योजनेतून परत घेऊ" असं समजून खर्च केला जातो. या योजना रोकडरहित आहेत. आधी पूर्वपरवानगी, मग उपचार. आरोग्य मंत्रालयाच्या राष्ट्रीय आरोग्य निधीतूनही झालेला खर्च परत मिळत नाही, म्हणून अर्ज उपचाराआधी करावा लागतो.

दोन, नावं जुळत नाहीत. रेशनकार्डावर "लक्ष्मीबाई", आधारवर "लक्ष्मी" आणि बायोप्सीच्या रिपोर्टवर माहेरचं आडनाव असेल तर परवानगी अडते. रिपोर्ट लॅबमधून घेतानाच आधारवरचं नाव लिहून घ्या.

तीन, परवानगी एका रुग्णालयाच्या नावाने असते. पहिल्या दोन केमो परळला आणि पुढच्या बार्शीला घ्यायच्या असतील, तर दोन्हीकडच्या आरोग्यमित्राला आधी सांगा. बार्शीला नव्याने परवानगी लागेल आणि त्यासाठी परळचं केमोचं पत्र लागेल. आरोग्यमित्र हा योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात बसणारा माणूस, डॉक्टरच्या आधी त्याला भेटलं तरी चालेल.

प्रवास आणि मुक्काम

उपचारासाठी किंवा तपासणीसाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि एसी थ्री-टियरमध्ये मूळ भाडं पूर्ण माफ आहे. सोबतच्या एका माणसाला त्याच वर्गांत ७५ टक्के सवलत मिळते. सेकंड क्लास आणि एसी चेअरकारमध्ये दोघांनाही ७५ टक्के, तर एसी टू-टियर आणि एसी फर्स्टमध्ये ५० टक्के. आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात. त्यासाठी ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं आणि ते कॅन्सर रुग्णालय देतं. तिकीट आरक्षण खिडकीवरच मिळतं, मोबाइलवरून नाही. तत्काळमध्ये ही सवलत नाही. पहिल्या प्रवासाला प्रमाणपत्र बहुधा हातात नसतं, त्यामुळे ते भाडं धरूनच चाला. परतीचं आणि पुढच्या फेरीचं प्रमाणपत्र मात्र रुग्णालय सोडण्यापूर्वी घ्या. गावी पोचल्यावर आठवण झाली तर सवलत हुकते.

परळ-दादर परिसरात नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आणि दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा ही जुनी, विश्वासाची ठिकाणं. टाटा रुग्णालयाचं वांद्र्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस स्मृतिगृह आहे. कॅन्सर झालेल्या लहान मुलांसाठी सेंट जूड्सची केंद्रं आहेत, तिथे आई-बाबांसह राहण्याची मोफत सोय होते. या सगळ्या ठिकाणी रुग्णालयाचा केस नंबर आणि समाजसेवा विभागाची चिठ्ठी उपयोगी पडते. जागा लगेच मिळेलच असं नाही, म्हणून पहिल्या दोन-तीन रात्रींची सोय वेगळी करून ठेवा. रुग्णालयाच्या दारात "लवकर नंबर लावून देतो" म्हणणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नका. नोंदणी खिडकीवर होते, ऑनलाइनही होते.

टाटात नोंदणी जनरल किंवा प्रायव्हेट विभागात होते. दोन्हीकडचे उपचार ठरवणारे डॉक्टर त्याच आजाराच्या गटातले असतात, खर्च आणि सोयी वेगळ्या. योजनेतून उपचार घ्यायचे असतील तर हे नोंदणीच्या खिडकीवरच सांगा, नंतर विभाग बदलणं त्रासाचं होतं. पैसे भरण्यासाठी स्मार्ट कार्ड मिळतं. पहिल्या फेरीत आठ-दहा दिवस राहण्याच्या तयारीने जा. ब्लॉकची फेरतपासणी, स्कॅन आणि मग सर्जन, केमोचे आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात, तोवर उपचार सुरू होत नाहीत. ते दिवस वाया जात नाहीत. घाईने सुरू केलेल्या चुकीच्या उपचारापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतात.

रेडिएशन कुठे घ्यायचं, हे दिवस मोजून ठरवा

गावाकडे ज्याला "शेक" किंवा "लाइट" म्हणतात ते रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस असतं. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये फक्त रेडिएशनने उपचार करायचे तर बहुधा ७० ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप), ३५ वेळा, म्हणजे सात आठवडे. ऑपरेशननंतर असेल तर ६० ते ६६ ग्रे, सहा ते साडेसहा आठवडे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला बाहेरून साधारण २५ वेळा आणि मग ब्रॅकीथेरपी, म्हणजे आतून दिलं जाणारं रेडिएशन. स्तनाला ४० ग्रे १५ वेळांत, तीन आठवड्यांत संपतं, आणि निवडक रुग्णांना पाच दिवसांतही देता येतं. शेवटचं वाक्य डॉक्टरांसमोर आवर्जून काढा. लांबून येणाऱ्या बाईसाठी तीन आठवडे आणि एक आठवडा यात फार फरक असतो.

तीन मुदती पाठ असू द्या. तोंडाच्या ऑपरेशननंतर रेडिएशन सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं. गर्भाशयमुखाचा पूर्ण उपचार, ब्रॅकीथेरपी धरून, आठ आठवड्यांत संपावा. आणि सुरू झालेलं रेडिएशन मध्ये तोडू नये. काही आठवड्यांनंतर उरलेल्या कॅन्सरच्या पेशी वेगाने वाढायला लागतात. डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये उपचार एकेक दिवस लांबला की आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक ते दीड टक्क्याने घटते. गणपतीला, पेरणीला किंवा घरातल्या लग्नाला आठवडाभर गावी जाऊन येऊ, हा विचार म्हणून महाग पडतो.

इथे एक व्यवहार लक्षात घ्या. ऑपरेशन परळला करून रेडिएशन नागपूरला घेणं सहज जमतं. पण निम्मं रेडिएशन इकडे आणि निम्मं तिकडे, हे टाळावंच. प्रत्येक केंद्र स्वतःचा प्लॅनिंग स्कॅन काढतं आणि चेहऱ्याचा स्वतःचा साचा बनवतं. मशीनही वेगळं असतं, त्यामुळे मध्येच बदललं की हिशेब जुळवण्यात दिवस जातात. आणि ऑपरेशनच्या दिवशीच नागपूरला फोन करून तारीख धरा. टाके काढल्यावर शोधायला लागलात तर रांगेमुळेच सहा आठवडे उलटतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये जवळच्या केंद्रात ब्रॅकीथेरपी आहे का, हे सर्वांत आधी विचारा. अनेक ठिकाणी बाहेरचं रेडिएशन असतं, ब्रॅकीथेरपी नसते, आणि तिच्याशिवाय उपचार अपुरा राहतो.

परतताना हातात काय हवं

डिस्चार्ज कार्डावर "केमो दोन सायकल दिल्या, पुढच्या तिकडे घ्या" एवढंच असेल तर गावातला डॉक्टर हतबल होतो. पत्रात पुढच्या गोष्टी मागा, आणि नम्रपणे पण ठामपणे मागा:

- पेशीचा प्रकार, टप्पा आणि महत्त्वाच्या तपासण्यांचे निकाल.
- प्रत्येक औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅममधला डोस, दिलेल्या तारखा. उंची, वजन आणि त्यावरून काढलेलं शरीराचं क्षेत्रफळ.
- एकूण किती सायकल (केमोच्या फेऱ्या) ठरल्या, किती झाल्या, पुढची कोणत्या तारखेला.
- डोस कमी केला असेल तर का.
- लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन मिळालं असेल तर आजवरचा एकूण डोस. चौरस मीटरला साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे हृदयाला धोका वाढतो, आणि हा हिशेब दोन रुग्णालयांच्या मध्ये हरवतो.
- रेडिएशन झालं असेल तर कुठल्या भागाला, किती ग्रे, किती वेळा, सुरुवातीची आणि शेवटची तारीख.
- पोर्ट किंवा पिक लाइन (केमोसाठी शिरेत बसवलेली नळी) असेल तर घातल्याची तारीख. पिकचं ड्रेसिंग आठवड्याला बदलतात. पोर्ट किती दिवसांनी धुवायचा, हे लिहून घ्या.
- अडचण आली तर कोणत्या विभागाला फोन करायचा.

पुढच्या केमोच्या एक-दोन दिवस आधी गावातच सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी करा. बहुतेक केमोंसाठी न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दीड हजार आणि प्लेटलेट एक लाखाच्या वर लागतात. कमी आले तर फोन करून तारीख पुढे ढकला. सातशे किलोमीटर जाऊन परत येण्यापेक्षा ही छोटी तपासणी बरी. पांढऱ्या पेशी वाढवणारं पेगफिलग्रास्टिमचं इंजेक्शन सोबत दिलं असेल तर ते केमो संपल्यावर किमान २४ तासांनी घ्यायचं असतं. ते २ ते ८ अंशांत ठेवा. थर्मासमध्ये बर्फाला थेट चिकटू देऊ नका, गोठलं की निकामी होतं.

गावात ताप आला तर

केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत पेशंट गावी पोचलेला असतो. थर्मामीटर घरात हवाच. एकदा १०१ फॅरनहाइट दिसला, किंवा १००.४ तासभर टिकला, तर ही आणीबाणी आहे. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट पाहू नका, त्याने ताप झाकला जातो, जंतुसंसर्ग वाढत राहतो. जवळच्या रुग्णालयात जा आणि पहिलं वाक्य असं सांगा: "कॅन्सरची केमो अमुक तारखेला झाली आहे, ताप आहे." शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावं, सीबीसीच्या निकालाची वाट पाहत बसू नये. कुठलं रुग्णालय हे करील, तिथे रात्री डॉक्टर असतो का, हे परळहून परतल्यावर पहिल्याच दिवशी जाऊन विचारून ठेवा. मुंबईला परत निघणं हा तापावरचा उपाय नाही. प्रवासातले बारा तास जीवघेणे ठरू शकतात.

मॉर्फिनच्या गोळ्या

दुखणं मोठं असेल तर परळला मॉर्फिन सहज लिहून मिळतं, पण तालुक्याच्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही. २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं. तरी ते प्रत्येक ठिकाणी नसतं. परतण्याआधी पॅलिएटिव्ह, म्हणजे दुखणं कमी करणाऱ्या विभागात विचारा, आमच्या जिल्ह्यात मॉर्फिन कुठे मिळतं? नाव लिहून घ्या. मधल्या काळापुरत्या गोळ्या मागा. मूळ चिठ्ठी गोळ्यांबरोबरच ठेवा, राज्याची हद्द ओलांडताना तीच तुमचा पुरावा असते. साध्या गोळ्या दर चार तासांनी घड्याळ लावून द्यायच्या असतात, दुखू लागल्यावर नाही, आणि त्यांच्यासोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच चालू हवं. "मॉर्फिन म्हणजे शेवट" असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. दुखणं थांबलं की माणूस जेवतो, झोपतो आणि उपचारही झेपतात.

ब्लॉक परत मागा

उपचार संपले की मोठ्या केंद्रात दिलेले ब्लॉक तिथेच राहून जातात. त्यांची पावती जपून ठेवा आणि तपासणीच्या एखाद्या फेरीत ते परत मागा, किंवा तिथेच ठेवायचे असतील तर त्यांचा तिथला क्रमांक टिपून घ्या. तीन वर्षांनी आजार उलटला आणि नव्या औषधासाठी जुन्या गाठीची तपासणी लागली, तर पहिला प्रश्न हाच येतो की ब्लॉक कुठे आहे. पावती, केमोचं पत्र, रेडिएशनचं पत्र आणि पहिल्या स्कॅनची सीडी एकाच प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ठेवा. प्रत्येक कागदाचा फोटो घरातल्या दोन माणसांच्या मोबाइलवर असू द्या, आणि त्यातलं एक माणूस पेशंटसोबत प्रवास न करणारं असू द्या. बॅग गाडीत राहिली तरी मग परळच्या खिडकीवर सगळं दाखवता येतं.